टेबलाखालून ऐकलेली गोष्ट

तीर्थरूप राजशेखर दाजींच्या सेवेशी,

अहमदपूरहून चंद्रप्पाचा शरणार्थ. आक्कालाही माझा वाकून नमस्कार सांगा, पण तिला उलट वाकू देऊ नका, तिचे गुडघे कसे आहेत ते मला ठाऊक आहे. तुमची शुगर आता कितीवर आली? आक्का म्हणाली की तुम्ही डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी फिरायला जाता आणि परत येताना जिलबी खाऊन येता. (हे तिनं सांगितलं असं तुम्हाला सांगू नको, असं तिनं सांगितलंय. तेव्हा माझं नाव निघू देऊ नका.) नांदेडला ऊन कसं आहे? आमच्याकडे दुपारी कुत्रंसुद्धा सावली बदलायला उठत नाही.

तर दाजी, खबर अशी की टेबल घेतलं! आपल्या सृष्टीच्या वकिलीच्या ऑफिसचं टेबल, आणि असं घेतलं की साऱ्या लातूरनं बघत राहावं. दिवाळीला तुम्ही पुरणपोळी मोडता मोडता म्हणाला होतात, की वकिली म्हणजे उपाशी राहायचा परवाना, पोरीला बँकेची परीक्षा द्यायला लावा. मी तेव्हा काही बोललो नाही. (तुमच्या ताटात तूप वाढत होतो.) पोरीनं तीन-चार वर्षं लातूरच्या एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली दाराजवळच्या स्टुलावर बसून काढली, मांडीवर फायली घेऊन. आता तिनं कोर्टाजवळ स्वतःची खोली घेतली. त्या खोलीत पहिलं काय यावं? टेबल. आणि ते जर डुगडुगलं, तर समोर बसलेला माणूस म्हणणार, हिचा कायदाही असाच असंल.

तुम्ही फोनवर सांगितलंत की ऑनलाइन मागवा, चार स्क्रू पिळा आणि मोकळे व्हा. तुम्ही बँकेतून रिटायर झालात, तुम्हाला खुर्ची-टेबल नेहमी आयतं मिळालं. मी मार्केट यार्डात अडतीवर जिंदगी घालवली. सोयाबीनचे दोन दाणे दाताखाली धरले की त्यात ओल किती ते सांगतो. टेबल दाताखाली धरता येत नाही, एवढाच काय तो फरक. (टेबल घ्यायला नांदेडला का आला नाहीत, असं आक्का विचारील. तिला सांगा, नांदेडहून टेम्पोत घातलेलं टेबल लातूरला पोचेपर्यंत स्टूल होतं, असा रस्ता आहे.)

आम्ही बापलेक लातूरच्या एका शोरूममध्ये गेलो. नाव लिहीत नाही, कारण मालक आता आपला माणूस झालाय. तिथं बालाजी नावाचा सेल्समन होता. त्यानं आम्हाला एक भलंमोठं टेबल दाखवलं, असं चकचकीत की मला माझ्या नाकातले केस दिसले. म्हणाला, "काका, प्युअर सागवान हाय. नातवाच्या नातवाला पुरंल." मी टरबूज वाजवतात तसं ते वाजवून पाहिलं, दोन्ही हातांनी हलवलं, वर बसूनही पाहिलं, आणि शोरूममधल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, की सागवानच आहे, शंकाच नको. सृष्टी म्हणाली, "बाबा, जरा थांबा," आणि खुर्च्या बघायला पलीकडे गेली. मला वाटलं, पोरगी अजून लहान आहे, आपणच निकाल लावून टाकावा. म्हणून मी बूड तपासायला टेबलाखाली शिरलो.

शिरणं सोपं होतं. निघताना कळलं की पाठीमागं एक स्क्रू बाहेर आलेला होता आणि माझा सदरा त्यात अडकला होता. (हा सदरा आक्कानंच घेतला होता. होता, असंच म्हणायचं आता.) समोरच्या बाजूला वकिलाचे पाय झाकायला फळी असते, त्यामुळे मी कुणाला दिसत नव्हतो. तेवढ्यात चाकूरकडचं एक जोडपं आलं, साहेबराव आणि धोंडाबाई. त्यांना खताच्या दुकानासाठी टेबल पाहिजे होतं. बालाजीनं त्यांना थेट माझ्याच टेबलाशी आणलं आणि सांगितलं, "आंब्याचं लाकूड हाय मामा, म्हणून तर हलकं हाय आन् स्वस्तबी."

दाजी, मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण माणूस टेबलाखालून ओरडला तर त्याची इज्जत ती काय राहिली? साहेबराव ऐटीत खुर्चीवर बसले, पाय लांब केले, आणि ते पाय माझ्या पोटाला लागले. ते म्हणाले, "खाली काही तरी गरम लागून राहिलंय." बालाजीनं वाकूनसुद्धा न बघता सांगितलं, "कंप्युटरची मशीन हाय मामा, तापत असती." हे मात्र मला सहन झालं नाही. मी खालूनच गरजलो, "अरे लबाडा, मला तर सागवान म्हणला होतास की!"

धोंडाबाई "अगं बया!" करून कपाटामागं गेल्या. साहेबराव खुर्चीसकट मागं कलंडले. मी उठायला गेलो तर डोकं फळीला आपटलं आणि सदरा टर्रकन फाटला. सृष्टी धावत आली. मला वाटलं, आता चारचौघांत पोरगी रागावणार. तिनं माझ्या अंगावरची धूळ झटकली, डोक्याला हात लावून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "बाबा, काय ऐकलं तेवढंच सांगा. जास्तीचं नको." मी सांगितलं. (जास्तीचं गाळून. फार जड गेलं.)

मी तिला कोर्टात बोलताना कधी ऐकलेलं नाही. मी गेलो असतो, पण ती नको म्हणते, तुम्ही मधेच बोलाल म्हणते. तर मी माझ्या पोरीची पहिली उलटतपासणी तिथं, फाटक्या सदऱ्यात उभं राहून ऐकली. आवाज जरासुद्धा चढवला नाही तिनं.

"दादा, हे टेबल सागवानाचं की आंब्याचं?"

बालाजीनं माझ्याकडे पाहिलं, साहेबरावांकडे पाहिलं. "दोन्ही हाय मॅडम. मिक्स."

"बरं. मग वर सागवान आणि आत आंबा?"

"हाव, तसंच."

"मग आत बघू या."

टेबलाला कंप्युटरची वायर जायला गोल भोक असतं, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण असतं. तिनं ते नखानं उचकटलं आणि मोबाइलची बॅटरी लावली. सगळीकडून सनमायका चिकटवून लाकूड झाकता येतं हो, पण जिथं भोक पाडलंय तिथं आतलं दिसतंच. साहेबरावांनी बोट घातलं आणि बाहेर काढलं ते भुशानं माखलेलं. "हे तर भुसकट हाय की वो! आमची म्हैसबी तोंड लावायची न्हाई!"

आरडाओरडा ऐकून मालक गुरुपादप्पा केबिनमधून आले आणि बालाजीवरच तुटून पडले. सृष्टी म्हणाली, "त्यांना कशाला बोलता? तुम्ही त्यांना जे बोलायला शिकवलंत, तेच ते बोलले." गुरुपादप्पा बालाजीला सोडून तिच्याकडे वळले आणि म्हणाले, "कुणाची गं तू पोरी?" ती उत्तर द्यायच्या आत मी ओरडलो, "माझी!"

मग त्यांनी स्वतः आम्हाला मागच्या गोदामात नेलं. तिथं तिनं एक साधं, बिनचकाकीचं टेबल निवडलं. खण पूर्ण बाहेर ओढून त्यावर हातानं भार दिला. टेबलावर कागद ठेवून भराभर पानभर लिहिलं, हलतंय का पाहिलं. आणि मग, दाजी, ती उठून पलीकडे समोरच्या खुर्चीवर जाऊन बसली, गुडघे आत जातात का ते बघायला. म्हणाली, "इथं बसणाऱ्याचे गुडघे आपटले, तर तो लवकर उठायचं बघणार. मग पूर्ण गोष्ट कशी सांगणार?" माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी वकिलाच्या बाजूनंच टेबल बघत होतो. शेवटी पावतीवर "प्लायवूड, वरून सागवानाचा पातळ थर" असं गुरुपादप्पांच्या सहीनं लिहून घेतलं. साहेबरावांनीही तसलंच टेबल घेतलं आणि धोंडाबाईंनी निघताना सृष्टीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

दाजी, परवाना उपाशी राहायचा नाही. एवढंच लिहायला पत्र घेतलं होतं.

तुमचा,
चंद्रप्पा

ताजा कलम : खरं काम लिहायचं राहिलं. मी रोज सकाळच्या एसटीनं लातूरला जातो आणि त्या टेबलासमोर बसतो. कुणी आलं की त्याला टेबलाची हकीकत सांगतो, सुरुवातीपासून. दोघंजण ऐकता ऐकता उठून गेले. सृष्टी काही बोलत नाही, पण काल तिनं "बाबा, आत्याकडं बरेच दिवस गेला नाहीत ना?" असं विचारलं. तर तुम्ही मला महिनाभर नांदेडला बोलावून घ्या. आपणहून बोलावल्यासारखं लिहा. कारण म्हणून तुमच्या घरी कपाट घ्यायचंय असं लिहा.

आणखी ताजा कलम : पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. आज मी खाली चहाला गेलो होतो, तेवढ्यात किल्लारीकडची एक बाई आली. तासभर बसली, रडली, बोलली आणि वकीलपत्रावर सही करून गेली. सृष्टीचं पहिलं स्वतःचं काम! मी जिन्यात त्या बाईला गाठलं आणि विचारलं, टेबल कसं वाटलं? ती म्हणाली, "टेबल? कोणतं टेबल? म्या तर वकीलबाईंच्या तोंडाकडंच बघून राहिले होते."

बोलावणं लवकर पाठवा. आता मला यायला हरकत नाही.