घासलेली अंगठी

मांजर्ली, गुरुवार, संध्याकाळ

ह्यांची चांदीची अंगठी आज इतकी लखलखीत कशी?

हे कारखान्यात व्हिस्कोसचा धागा काढायच्या खात्यात; तिथे गॅस असतो, त्यात चांदी काळी पडते. लग्न झाल्यापासून दर रविवारी मीच ती अंगठी घासत आलेय. ह्यांचे डोळे सुजायला लागले तेव्हा डॉक्टरांनी ते खातंच सोडायला सांगितलं. महिन्यापूर्वी हे म्हणाले, "झाली बदली. लाकडाचा पल्प येतो त्या गोदामात. तिथे गॅसबिस काही नाही." मी देवापुढे साखर ठेवली.

मग गेल्या रविवारीही अंगठी पहिल्यासारखीच काळी कशी? विचारलं, तर म्हणाले, "घामाने गं." घामाने? एवढी? माझा चेहरा त्यांनी वाचला असणार.

आणि आज अंगठी चकचकीत. मी तर हातही लावलेला नाही. जेवणाचा डबा घासायला त्यांची पिशवी उघडली, तर तळाशी दंतमंजनाची डबी. आमच्या घरात सगळे पेस्टने दात घासतात.

डबी होती तिथेच ठेवली. बाहेर हे टीव्ही बघतायत, मध्येमध्ये डोळे चोळतायत. अंगठी घासून आणली. डोळे कसे घासून आणणार?