शिट्टीनंतरचा आऊट

२० नोव्हें. १९७८, सोम.
मधल्या सुट्टीत हेडमास्तरांनी बोलावलं. मुलींच्या जिल्हा सॉफ्टबॉल स्पर्धा शनि-रवि आपल्या मैदानावर, मानेसर तुम्ही पंच. म्हटलं, सर, मी कबड्डीचा माणूस. सव्वीस वर्षं तेच केलं. सॉ.बॉ. जन्मात दोनदा बघितलाय, तोही कुंपणाबाहेरनं. तर म्हणाले, "बाकीच्यांनी एकदाही बघितला नाही. तुम्हीच सीनियर." विषय संपला.
गुडघा सकाळपासून ठणकतोय. सौ. म्हणाली, उभंच राहायचंय की, पळायचं थोडंच आहे.

२२, बुध.
पंचांचं शिबिर. दोन दिवसांचं होतं. पुण्याहून तज्ज्ञ आले, फळ्यावर चौकट काढली, तीन कोपऱ्यांवर तीन बेस, चौथ्यावर होम प्लेट. पळणारी तिन्ही बेस करून होमला पोचली की एक रन. तासभर इंग्रजीत बोलले आणि दुसरीकडे जायचंय म्हणून साडेचारच्या गाडीनं गेले. उद्याचा दिवस रद्द. नऊ मास्तर होतो. ड्रॉइंगचे जोशी वहीत तज्ज्ञांचं नाक काढत बसले होते, जमलं होतं झकास.
जाताना एकेक सायक्लोस्टाइल पुस्तिका दिली. इंग्रजी, त्यात शाई फुटलेली. डोक्यात एकच राहिलं, ह्या खेळात पंच शिट्टी वाजवत नाही. ओरडून नि हातानं सांगायचं.

२५, शनि.
सहा मॅचेस. पाय सुजले. बेसवर पंच म्हणून जोशी, छत्री उघडून. ऊन लागतं म्हणे. एकदा चेंडू छत्रीवर बसला, तर मला विचारतात, "मास्तर, हे काय द्यायचं?" मला तरी कुठं ठाऊक. पुन्हा टाका म्हटलं. दोन्हीकडचे लोक हसले. होटगीच्या पोरींना एक आऊट चुकीचा दिला बहुतेक. बिचाऱ्या गाडीच्या वेळेला गेल्या.
शिट्टी मात्र गळ्यात होती. तिच्याशिवाय गळा उघडा वाटतो. वाजवायची नाही एवढं धरून होतो.
पूर्व भागातल्या शाळेची कप्तान सरोजा, दहावीतली. बारीक अंगाची, पळते मात्र लई. तिच्या शिंदेबाई नव्यानं लागल्यात. चहाला सांगत होत्या, तिचे वडील मिलमध्ये मागावर आहेत, दहावीनंतर शाळा बंद असं ठरवून बसले होते. पोरगी पुण्याला विभागीय स्पर्धेला खेळली तर कॉलेजात घालीन, एवढं कबूल केलंय त्यांनी. जिंकणारा संघच पुण्याला जातो. म्हटलं, खेळतेय चांगली, जाईल.

२६, रवि.
लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.
फायनल. सरोजाची शाळा आणि कॅम्पातली शाळा. शेवटची इनिंग, सरोजाचा संघ एका रननं मागं, दोन आऊट झालेले, तिसरा झाला की मॅच संपली, सरोजा तिसऱ्या बेसवर. ती होमला आली की बरोबरी. पुढच्या पोरीनं चेंडू मारला, फक्कीच्या रेघेलगत. मला वाटलं रेघेबाहेर गेला, म्हणजे खेळ थांबवायचा. हात आपसूक गळ्याशी. वाजवली.
वाजवता वाजवताच दिसलं, फक्की उडाली होती. चेंडू आतच.
सरोजा होमपासून चार पावलांवर. शिट्टी ऐकली नि जागच्या जागी उभी राहिली, ताठ, दोन्ही हात मांडीला लावून, पी.टी.च्या तासाला पोरं राहतात तशी. होमच्या मागं उभ्या असलेल्या कॅम्पाच्या कॅचरनं चेंडू घेतला, सावकाश चालत आली आणि तिला लावला. मग सगळं मैदान माझ्याकडं बघायला लागलं.
मी मूठ वर केली. आऊट.
का केली? शिट्टी वाजली हे कबूल करायची लाज वाटली, दुसरं काय. जोशींकडं बघितलं, ते छत्री मिटत होते. शिंदेबाई पळत आल्या, सर, शिट्टी वाजली होती. मी म्हटलं, पंचाचा निर्णय अंतिम. छप्पन्न मास्तरांच्या तोंडून ऐकलेलं वाक्य. आज माझ्या तोंडून निघालं.
जेवण गेलं नाही.

२७, सोम.
इंग्रजीच्या बापटबाईंकडून पुस्तिकेचं पान वाचून घेतलं. पंचानं खेळ थांबवला की चेंडू मेला. मेलेल्या चेंडूवर कोणी आऊट होत नाही. बाईंनी विचारलं, कुणी केलं हो असं? म्हटलं, होता एक गाढव.
शिंदेबाईंनी लेखी तक्रार दिलीय. आता माझा रिपोर्ट मागतील.

२८, मंगळ.
स्पर्धा समितीचा सेक्रेटरी देशमुख, तोही पी.टी.चाच, माझ्याबरोबरीचा. घरी आला. कांदेपोहे खाल्ले, सौ.चं कौतुक केलं, मग मुद्द्यावर. रिपोर्टात लिही, शिट्टी प्रेक्षकांतून वाजली, पळणारी आपणहून थांबली. तीन ओळी, खाली सही. म्हटलं, खोटं आहे ते. म्हणाला, "माने, तू आज पंचाला उघडा पाडलास तर उद्या एक मास्तर मैदानात उभा राहणार नाही. कोण शिव्या खाणार फुकटच्या? जोशी आत्ताच नको म्हणतोय."
खरं आहे त्याचं. एक चहा नि दिवसभर ऊन, वर आईबापांच्या शिव्या. शिकवायचं कोणी नाही, चुकलं की सगळे हजर. हे मी त्याला बोलून दाखवलं, तर म्हणाला, तेच म्हणतोय की मी.
जोशींना शाळेत विचारलं. म्हणाले, "मी काहीच बघितलं नाही मास्तर, आणि हे मी शपथेवर सांगीन." एवढं खरं बोलणारा माणूस दुसरा नसेल.

२९, बुध.
शाळा सुटताना फाटकाशी सरोजा. बरोबर वडील, डोक्याला टॉवेल, मिलचा भोंगा व्हायच्या आत परतायचं म्हणून घाईत. वाटलं भांडायला आलेत. तसं काही नाही. म्हणाले, "सर, तुमी मोठे मानूस. आमाला खेळातलं समजत न्हाय. पोरगी म्हन्ते शिट्टी झाली. बाकीचे म्हन्तेत न्हाय झाली. खोटं बोलत आसंल तर मला सांगा. खेळ न्हाय न् शाळा न्हाय, घरी बसवतो."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पोरगी हरली एवढंच मला वाटत होतं. आता ती घरात खोटारडी ठरायला बसलीय.
मी तिला विचारलं, शिट्टी लांबून आली असेल तर? पळायचं होतंस की. ती म्हणाली, "सर, शिट्टी झाल्यावर हाललं की बाई मारतेत."
खरंच आहे. मीही मारलंय. सव्वीस वर्षं हेच शिकवलं, शिट्टी म्हणजे पुतळा. जिनं ऐकलं तिलाच बाद केलं.
वडलांना म्हटलं, पोरगी खरं बोलते. शिट्टी मी वाजवली. ते "बरं" म्हणून निघाले. पोरगी मागं वळून नमस्कार करून गेली. फार लाज वाटली.

३०, गुरु.
रिपोर्ट दिला. शिट्टी माझी, चेंडू आत, आऊट चूक. चार ओळी झाल्या. देशमुखनं वाचला नि नुसती मान हलवली. टीचर्स रूममध्ये मी गेलो की बोलणं थांबतं. हेडमास्तर म्हणाले, "शाळेचं नाव घालवलंत. निदान आधी विचारायचं." सौ. म्हणाली, बरं केलंत. मग म्हणाली, आता पुढच्या वर्षी तरी कोणी बोलावणार नाही तुम्हाला. तेवढाच आनंद.

१ डिसें., शुक्र.
समिती बसली. दोन तास खल. तक्रार मान्य. मॅच तिथूनच पुढं खेळवायची. दोन आऊट, सरोजा तिसऱ्या बेसवर, बॅट घेऊन तीच पोरगी, सरोजाचा संघ एका रननं मागं. रविवारी सकाळी आठला.
पंच कोण, यावर पुन्हा अर्धा तास. कोणी तयार नाही. जोशींची मान अवघडलीय. पंढरपूरच्या एकाला विचारलं, त्याच्या घरी साखरपुडा. देशमुख माझ्याकडं न बघता म्हणाला, "मानेंनी घाण केली, मानेंनीच निस्तरावी." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही म्हणायची सोय नव्हती.

२, शनि.
बाजारात कॅम्पाच्या त्या कॅचरची आई भेटली. ओळखलं मला. शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या पोरीनं काय चूक केली? चेंडू हातात होता, तिनं लावला. घरी पेढे वाटून झाले आमचे." पिशवी घेऊन घरी आलो, कोथिंबीर विसरली.

३, रवि. सकाळी
सात वाजलेत. सौ.नं भाकरी बांधून दिलीय, जणू परगावी चाललोय. शिंदेबाईंचा निरोप होता, सरोजाच्या वडलांनी आज सुट्टी टाकलीय, मॅच बघायला येणार. जन्मात पहिल्यांदा.
अंथरुणात पडल्या पडल्या हिशेब करत होतो, चेंडू पुन्हा रेघेवर पडला तर. मागच्या वेळी चूक झाली ती नकळत. आज काय होईल ते माझं मलाच सांगता येत नाही. सरोजानं पळावं, होमला पोचावं, असं वाटतंय मला. पंचाला असं काही वाटू नये. त्या कॅचर पोरीचाही मी तेवढाच पंच. पण त्या बापाच्या समोर, पोरगी धावत येत असताना, मला चेंडू दिसेल का तेवढं सांगा कोणीतरी.
निघतो. पायी जायचं तर वीस मिनिटं लागतात.