साम्राज्याची पोळी

अण्णा, काल तुमचा विद्यार्थी मुंबईहून येऊन इथल्या कॉलेजात व्याख्यान देऊन गेला. इंग्रजांचं राज्य हिंदुस्थानातून का चाललं आहे, हा विषय होता. तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होत आली, त्यामुळे ते खरंच चालले आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही. बायकांच्या खुर्च्या मागच्या बाजूला होत्या, तिथे मी बसले होते. त्याचे केस पांढरे झाले आहेत, पण मुद्द्यावर आला की अजूनही उजवा खांदा वर उचलतो. त्याने टेबलावर एक गोल कागद ठेवला, कात्री घेतली आणि म्हणाला, "माझे गुरुजी हे कागदावर शिकवत नसत. ते पोळीवर शिकवत." सभागृह हसलं. ती पोळी कोण लाटायचं, हे त्याने सांगितलं नाही. त्याच्या लक्षातही नसेल.

माझ्या लक्षात आहे. विलायतेच्या अंदाजपत्रकाची बातमी मुंबईच्या वर्तमानपत्रातून इथे पोचेपर्यंत शिळी झालेली असे, पण तुम्हाला ती सणासारखी. शाळेतून आल्या आल्या पगडी खुंटीला लावता आणि स्वयंपाकघराच्या दारातून सांगता, "आज एक मोठी पोळी कर. गोल हवी. तूप लावू नकोस, तुकडे सरकतात." आई गेल्यापासून चूल माझ्याकडे होती. मी तेरा वर्षांची असेन. तो पाटावर तुमच्यासमोर बसलेला असतो, तुम्ही पोळीवर सुरी धरता. हा तुकडा आरमाराचा, हा फौजेचा, हा जुन्या कर्जाच्या व्याजाचा, आणि उरलेल्यात बाकीचा सगळा देश. शाळा, रस्ते, गरीबगुरीब. धडा संपला की तो तुकडे खायचा. आरमार गुळाशी, व्याज लोणच्याशी. "गुरुजी, फौज गिळली, आता कर्ज तेवढं राहिलं!" असं म्हणून तोंड भरून हसायचा आणि तुम्हीही हसायचात. शाळांचा तुकडा ताटलीतून माझ्याकडे परत यायचा. मी तो चुलीपाशी बसून खात असे.

एका वर्षी तिकडे मोठा गोंधळ झाला होता. आरमाराला नवी जहाजं हवी होती, म्हाताऱ्यांना पेन्शन द्यायचं होतं आणि तिजोरी एकच. मंत्र्याने जमीनदारांवर कर बसवला, उमरावांच्या सभेने तो फेटाळला आणि सगळा देश निवडणुकीला निघाला. तुम्ही त्याला म्हणालात, "तिथलं सरकार भाषणांवर टिकत नाही. हे तुकडे काढल्यावर पोळी किती उरते, त्यावर टिकतं." मग तुम्ही त्याला विचारलंत, "समजा मोठी लढाई झाली आणि ती कर्ज काढून लढले. लढाई संपल्यावर सगळ्यात मोठा तुकडा कोणता?"

"फौजेचा," तो म्हणाला.

मी आतून बोलून गेले, "नाही, व्याजाचा. फौज घरी जाईल, व्याज थोडंच जाणार आहे?"

तुम्ही मान वळवली नाहीत. "तव्याकडे बघ, करपतेय," एवढंच म्हणालात. मग त्याला म्हणालात, "आता सावकाश विचार कर बघू." तो थोडा वेळ छताकडे बघत बसला आणि मी बोललेलंच बोलला. तुम्ही खिशातलं फाउंटन पेन काढून त्याला दिलंत. तेव्हा आपल्या आळीत तसं पेन दुसऱ्या कोणाकडे नव्हतं. तव्यावरची पोळी करपली नव्हती, अण्णा. मी बघत होते.

तुम्ही वाईट वागलात असं मी म्हणत नाही. लोक हसत असताना तुम्ही मला शाळेत घातलंत, माझं अक्षर घोटून घेतलंत. ते अक्षर तुमच्याच उपयोगी पडलं. मोठी लढाई झाली. आपल्या संस्थानच्या दरबारनेही माणसं पाठवली, पैसा दिला. ती संपेपर्यंत तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. तो तेव्हा मुंबईला शिकवायला लागला होता. माझं सासर खासगी बाजाराच्या आळीत, तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर. दुपारची भांडी आवरली की मी तुमच्याकडे यायची, तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायची आणि तुम्ही सांगाल ते पत्र त्याला लिहायची. वाचताना तुम्ही मला कधी काही समजावलं नाहीत. ऐकून झालं की म्हणायचात, "हं, घे कागद. हे त्याला कळायला हवं." मग दोन-दोन तास तुम्ही त्याला सांगत असायचात. लढाईतून आलेल्या शिपायांना घरं देऊ म्हणाले होते, आता व्याज भागवताना शाळांचा खर्चही कापताहेत. अमेरिका लढाईत दिलेलं कर्ज परत मागते आहे. कोणताही पक्ष निवडून आला तरी त्याला आधी सावकाराचं तोंड बघावं लागतं. मी लिहीत असे. सगळं माझ्या हाताखालून जायचं आणि त्याच्या नावाने जायचं.

म्हणून एकदा मी एक वाक्य माझं घातलं. तुमच्या एका मुद्द्याखाली लिहिलं, "उधारीवर मांडव घातला तर लग्न थाटात होतं, पण पुढे घरात शब्द चालतो तो मांडवाचे पैसे देणाऱ्याचा." तुम्हाला ते कुठून आलं ते ओळखू यायला हवं होतं. माझ्या लग्नाचा खर्च काकांनी उचलला होता, आणि त्यानंतर आपल्या घरात कोणती भाजी आणायची हेही काका ठरवायचे. पत्र परत वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं. तुम्हाला दिसत नव्हतं.

पंधरा दिवसांत त्याचं उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं की गुरुजी, मांडवाचं उदाहरण वाचून थक्क झालो, जे मोठमोठ्या पुस्तकांत सापडलं नाही ते तुम्ही एका ओळीत दिलंत. मी ते तुम्हाला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तुम्ही विचाराल, आणि मग मी सांगेन, असं ठरवलं होतं.

"मांडवाचं?" तुम्ही म्हणालात. "मी असं लिहिलं होतं?"

"हो, अण्णा."

मग मांडीवर थाप मारून म्हणालात, "बरोबरच लिहिलं की मग!" संध्याकाळी दूधवाल्यालाही तुम्ही ते ऐकवलंत. तो म्हणाला, "वाह मास्टरसाब, क्या बात कही!" तुम्ही इतके खूष होतात की मला तोंड उघडवेना. पुढे ते वाक्य तुमचंच झालं. भेटायला येईल त्याला तुम्ही सांगायचात आणि मी चहा आणून ठेवायची.

काल त्याने तेच सांगितलं. कागद कापून झाल्यावर म्हणाला, दोन लढायांनी यांच्या राज्याला कर्जात बुडवलं. आज आपल्याच देशाला फेडायचं देणं त्यांच्या डोक्यावर आहे. एवढी फौज परदेशी ठेवणं आता परवडत नाही आणि पैसा देणारा सांगेल तसं वागणं भाग आहे. एका मुलाने उठून विचारलं, "मग सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, त्याचं काहीच नाही का?" तो म्हणाला, "आहे ना. लोक उठले म्हणूनच फौज महाग पडली." हे चांगलं बोलला. चांगलं बोलला याचाच मला राग आला. मग खांदा उचलून म्हणाला, "माझे गुरुजी म्हणत, उधारीवर मांडव घातला तर…" आणि टाळ्या पडल्या. शेजारच्या बाई माझ्या कानाशी लागल्या, "काय विद्वान होते हो तुमचे वडील!" मी "हो" म्हटलं. त्या घटकेला मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढाच तुमचाही वाटला. मेलेल्या बापाचा हेवा करणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

पण हे पत्र त्यासाठी लिहायला घेतलेलं नाही. शेवटच्या आजारात तुम्ही मला एक पत्र सांगितलं होतं. चारच ओळी. एकदा येऊन जा. बोलायचं राहिलं आहे. माझ्यामागे हे समजणारं तुझ्याशिवाय कोणी नाही. मी अक्षरन् अक्षर लिहिलं, वाचून दाखवलं, पत्ता घातला. पेटीत टाकायला म्हणून उठले आणि घरी नेऊन ट्रंकेत ठेवलं. तुम्ही रोज विचारायचात, "टपाल आलं का गं?" मी सांगायची, "नाही आलं." शेवटी तुम्हीच म्हणालात, "मुंबईत कामं फार असतात. त्याला दोष देऊ नकोस." मी तुमच्या तोंडात चमच्याने पाणी घातलं आणि तेव्हाही काही बोलले नाही.

व्याख्यान संपता संपता तो थांबला. चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "जाताना गुरुजींनी मला कळवलंही नाही. माझ्या हातून काय चुकलं होतं, ते मला आजवर कळलेलं नाही." नंतर तो पुढच्या दारात हार घालून उभा होता, माझ्यापासून वीस पावलांवर. मी जाऊ शकले असते. मी मागच्या दाराने बाहेर पडले आणि टांगा केला. घरी येईपर्यंत मला बरं वाटत होतं, अण्णा.