आखूड पायाचा बेडूक

४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागद पोचला. आपला दर महिन्याचा नेम मोडला नाहीस हे बरं केलंस. तू घड्या घालून काहीतरी घडवायचं, पुन्हा सपाट उलगडून तो चौकोनी कागद पाठवायचा, आणि मी नुसत्या घड्यांच्या रेषा वाचून प्राणी उभा करायचा. या खेपेला बेडूक निघाला, पण एक पाय आखूड! जन्मभर नकाशे काढलेल्या माणसाची रेषा कोपरा चुकते? मी पडले शिवणकामवाली, सुताएवढा फरकही मला खुपतो. शेवटी पट्टी लावून सगळ्या घड्या नव्याने घातल्या, तेव्हा कुठे बेडूक धड बसला. वेळ नसेल तर पाठवू नकोस, पण पाट्या टाकू नकोस.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी


१९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

अक्षर वहिनीचं आहे, मजकूर माझा. लिहायचा कंटाळा आलाय. पाय आखूड झाला कारण चष्मा जुना झालाय. नाचता येईना अंगण वाकडं, म्हण हवं तर. तुझं म्हणणं रास्त आहे. आता बिनचूक बेडूक होईपर्यंत काहीच पाठवणार नाही. मशीनवर मान मोडून बसू नकोस.

आशीर्वाद आहेतच. तू अशीच भांडत राहा.

तुझा,
दादा


३० मे

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

हे गेल्याचं फोनवर कसंबसं सांगितलं, बाकीचं तोंडून निघेना. त्यांचा उजवा हात डिसेंबरपासून लुळा पडत चालला होता. तुला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती मला. तुझं पत्र आल्यापासून रोज सकाळी खिडकीशी बसायचे. उजव्या कोपराखाली कागद दाबायचा आणि डाव्या हाताने घडी घालायची. मनासारखी झाली नाही की कागद टोपलीत. शेवटी एक शब्दकोशात ठेवला आणि म्हणाले, हा चिमणीला.

आणि माझी अक्कल बघ. माझ्या घरात चुरगळलेली वस्तू टिकत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पाकिटात घालण्याआधी मी त्या कागदावर इस्त्री फिरवली. रेषा पुसल्या गं. त्यांचं शेवटचं काम माझ्या हातून मोडलं. तसाच पाठवतेय. रागाव, पण बोलणं सोडू नकोस.

तुझी,
वहिनी


९ जून

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

स्वतःला बोल लावू नकोस. इस्त्रीने घडी दबते, जात नाही. कागद उन्हात तिरका धरला आणि सगळ्या रेषा दिसल्या. एका पायापाशी तर चार-चार आहेत, चुकली की पुन्हा घातलेल्या. त्या बघून ढसाढसा रडले. पाट्या टाकतोस, असं मी कुणाला म्हणाले! मार्चमधल्या त्याच्या रेषा मीच पट्टीने मोडल्या. तुझ्या इस्त्रीने जे केलं नाही, ते मी केलं.

या वेळी पट्टी काढली नाही. त्याची रेषा जिथे गेली, तिथेच घडी घातली. एक पाय आखूडच आहे. बेडूक थोडा कलतो, पण बसतो. मशीनवर दोऱ्याच्या रिळाशेजारी ठेवलाय.

आता दर महिन्याचा कागद तू पाठव. घड्या घालता येत नाहीत म्हणू नकोस. वाकडा असला तरी चालेल, मी सरळ करणार नाही.

तुझीच,
चिमणी