दुपारचा पहारा

डोळखांब

प्रिय जीवन,

परवा तुझा फोन आला. मी उचलला आणि दोन टाळ्या वाजवल्या, म्हणजे 'बोल, ऐकतोय'. तू नुसता श्वास घेत राहिलास आणि फोन ठेवून दिलास. मागोमाग प्रेमावहिनींचा सुंदराला फोन आला. माझ्या घशात होती तिथंच तुझ्याही गाठ निघाली म्हणे. वेळेत सापडलीय, काढली तर माणूस राहील, आवाज जाईल, असं डॉक्टरांचं म्हणणं. त्यावर तू म्हणालास, "आवाज जाणार तर मी राहून काय करू?" मग मुरबाडचं तुझं शिवणाचं दुकान बंद करून भिंतीकडे तोंड करून पडलास.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मलाही दवाखान्यातून मिळालंय. पण डबड्यात माशी अडकावी तसा त्याचा आवाज. पहिल्यांदा लावलं तर म्हैस दावं तोडून पळाली. सुंदरा म्हणाली, "ठेवा ते, दूध आटंल." त्या आवाजात तुझ्याशी हे बोलवेना, म्हणून लिहायला बसलो.

तू आणि मी एकाच मंडळात गायलो. तू वर गेलास की मला आणखी वर जायचं असायचं. बुधूबाबा पखवाजावर थाप थांबवून म्हणायचे, "आरं, देव खाली बसलाय, तुमी दोघं कुठं चाललाव?" तुला वाटेल, याचं ऑपरेशन झालं, हा हसतखेळत घरी आला. तसं नव्हतं. मुंबईच्या त्या वॉर्डात बरेच दिवस नळीनंच जेवण चालू होतं. मग एकदा नर्सबाईंनी पेल्यातलं पाणी दिलं. पहिला घोट घशाखाली गेला आणि मनात आलं, हे आपल्या भातसा धरणाचं पाणी. माझ्याआधी मुंबईत येऊन थांबलंय. तेवढंच एक बरं वाटलं होतं. घरी आल्यावर मात्र देवळात भजन सुरू झालं की मी दार लावून घ्यायचो. देवाशी अबोला धरला होता. आता हसू येतं. अबोला धरायला आधी बोलता यावं लागतं ना!

मला उठवलं ते बैलांनी. पावसाळा लागला, रोप आवणीला आलं आणि चिखलणी करायला दुसरं कोणी नव्हतं. औत जुंपलं. बांध जवळ आला, बैलांना थांबवायला तोंड उघडलं, तर गळ्याच्या भोकातून नुसती फुस्स हवा. बैल बापडे माझ्या हाकेची वाट बघत सरळ चालत राहिले आणि बांध फोडून लखमाच्या खाचरात घुसले. लखमा तिकडून ओरडला, "अरं हाक मार की रं, मुका झालास काय?" मग त्यालाच आठवलं. जीभ चावून तो तसाच चिखलात उभा राहिला. त्याचं तोंड बघून मला इतकं हसू फुटलं की खांदे गदगदा हलायला लागले. आवाज नसला तरी हसता येतं, हे मला त्या चिखलात कळलं.

त्या दिवसापासून टाळी. एक वाजवली की थांबायचं, दोन वाजवल्या की वळायचं. आधी बैल माझ्याकडे बघत राहिले, पण आवणी उरकेस्तोवर कान टवकारून वळायला लागले. मग सुंदराही शिकली. म्हणते, "इतकी वर्षं तुमीच बोललात, आता माझी पाळी." राबाचा पालापाचोळा भाजताना धूर नको म्हणून ती मला बांधावर उभं करते. मी टाळ्या वाजवून चुका दाखवतो, ती मुद्दाम पाठ करते. रोज काहीतरी करायचंच आहे म्हटल्यावर मन आपोआप उभं राहिलं. आधी मन उभं करीन आणि मग कामाला लागेन म्हणत बसलो असतो, तर अजून दारच लावून बसलो असतो.

पण तुला सांगायचंय ते माघातल्या सप्ताहाचं. दुपारचा पहारा नेहमीप्रमाणे कोणी घेईना. उन्हाचं वीणा गळ्यात घालून उभं राहायचं, मांडवात चार म्हाताऱ्या आणि एक कुत्रं. मी हात वर केला. कोणीतरी कुजबुजलं, "वीणेकऱ्यानं नाव घ्यायचं असतं, याला आवाज कुठं?" तेव्हा बुधूबाबा म्हणाले, "त्याचं बैलांना पोचतंय, मग देवाला नाय पोचनार? देव काय बैलापरीस अडाणी हाय?" मांडव हसला, आणि वीणा माझ्या गळ्यात आली.

मी ओठांनी नाव घेत उभा राहिलो. सांगून पटणार नाही, पण गातानासुद्धा मी कधी इतका त्यात नव्हतो. गाताना अर्धं लक्ष तुझ्याकडे असायचं. पहारा संपत आला तसे लोक जेवून परतले. बुधूबाबांनी आपला जुना अभंग धरला, आणि चढाची जागा आली तसे ते थांबले, कारण तिथून वरचा सूर मी लावायचो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी हात वर उचलला. आणि जीवन, सगळा मांडव वर गेला! बाया, पोरं, लखमासुद्धा, ज्याला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. मी हात जितका वर नेला तितका आवाज चढला. आपण दोघं मिळून कधी गेलो नाही इतका वर. कोण म्हणतं माझा आवाज गेला?

तर हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते आता सांगतो. कालच मंडळाची बैठक झाली. येत्या सप्ताहात दुपारचा पहारा माझा, आणि माझ्या पाठोपाठ तुझा. तुला न विचारता मी तसं ठरवून टाकलंय. वीणा जमिनीला टेकवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यातच जाते, हे तुला मी सांगायला नको. दुसऱ्या कोणाला मी ती देणार नाही. तेव्हा प्रेमावहिनींना सांग आणि ऑपरेशनला जा. नाही आलास, तर तुझा हा मित्र वीणा घेऊन तसाच उभा राहील, आणि माझे पाय आता पन्नाशीला आलेत. पत्र पोचलं की फोन कर. बोलू नकोस. दोन टाळ्या वाजव, मला कळेल.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून, तुझाच
भगीरथ