पांढरी आणि पिवळी

गुरुवार, १४ तारीख

दादा,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवू नकोस, आणि घाबरूही नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. वर्षभर एका जिन्याच्या अंतरावर राहून आपण बोललो नाही आणि आता तू कामासाठी परगावी गेल्यावर मी पत्र लिहायला बसले आहे. हसू आलं तर हस. मलाही आलं.

तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. मोरीतला नळ गळायचा थांबला. बाबा बरे आहेत.

म्हणजे खरंच बरे आहेत, म्हणून तर लिहिते आहे. सोमवारी तू परतलास की त्यांना वृद्धाश्रमात पोचवायचं, असं आपण दाराखालून चिठ्ठ्या सरकवत ठरवलं. आई गेल्यापासून एकमताने केलेली ही आपली एकच गोष्ट. ती करू नये, असं मला आता वाटतं. आधी सगळं वाच, मग चिडायचं तर चीड.

आपण हो का म्हटलं, ते आठव. आई गेली तशी बाबांची झोप उडाली होती. झोप परत आली, पण माणूस हरवला. उन्हं वर आली तरी पेंगत असायचे. तोंड कोरडं, जीभ जड. एकदा मला आई समजून चहा मागितला. दाताच्या डॉक्टरांच्या घरची खुर्ची विणायला घेतली, तर वेताच्या पट्ट्या भिजवायच्याच विसरले आणि कोरड्या पट्ट्या ओढताना कडाकड मोडल्या. जन्मभर खुर्च्या विणलेला माणूस ते तुकडे हातात धरून मला विचारत होता, हे असं का होतंय गं. आपण म्हटलं, वय झालं.

रात्री तुझ्याकडे वर जेवून ते खाली झोपायला यायचे; तू गेलास आणि रात्रीही खाली माझ्याकडेच जेवायला लागले. थोड्याच दिवसांत चेहऱ्यावर तरतरी दिसायला लागली. माझ्या मनात आधी काय आलं सांगू? तुझ्या हातचा स्वयंपाकच बाधत असणार. फार बरं वाटलं मला. मग खोदून विचारलं, "दादाकडे रात्री काय खायचात?"

"जेवण. आणि मग गोळी."

"कसली गोळी?"

"तू देतेस तीच की. झोपेची. त्याची पिवळी असते, तुझी पांढरी."

हो, पांढरी मी देत होते. शिंकांसाठी आणली होती. घेतल्यावर मीच मेल्यासारखी झोपले, तेव्हा वाटलं, बाबांनाही लागू पडेल. साधी सर्दीची गोळी, तिने काय होणार? तूही असंच म्हणाला असशील. एकाच आईच्या हाताखाली वाढलोय आपण.

तुझ्या फळीवरचं पाकीट खाली आणलं आणि बाबांना व दोन्ही पाकिटं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाकिटं शेजारी-शेजारी ठेवून वाचली. रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या, औषध एकच. तरण्या माणसाने चार-दोन रात्री घेतली तर गोष्ट वेगळी, पण या वयात एकही नको होती, म्हणाल्या. गुंगी दुसऱ्या दिवशीही रेंगाळते, तोंड सुकतं, लघवी अडते, माणूस गोंधळतो. आणि ज्यासाठी घ्यायची, तो झोपेचा गुण लवकरच ओसरतो. गोळी बंद करायला सांगितली. सगळं पहिल्यासारखं होईलच असं वचन काही दिलं नाही. पुन्हा तपासून बघू म्हणाल्या.

"का देत होतात?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, बाबांना झोप यावी म्हणून. तुला खरं सांगते. रात्रभर त्यांच्या चपला फरशीवर घासत जायच्या आणि मी दातओठ खात पडून असायचे. मला झोप यावी म्हणून देत होते. याची मला लाज वाटते, दादा.

घरी येताना बाबांना म्हटलं, दोघांकडून घेत होतात, एकाला तरी सांगायचंत.

ते म्हणाले, "तुझ्यासमोर त्याचं नाव काढलं की तू भांडी आपटतेस. त्याच्यासमोर तुझं काढलं की तो ताटावरून उठतो. त्यापेक्षा गोळी गिळणं सोपं होतं."



झोप त्यांची अजून तुटकच आहे. संध्याकाळी दोघं पाय मोकळे करून येतो, दुपारी पडू देत नाही, त्यावरून मला शिव्या खाव्या लागतात. आज ती खुर्ची पुन्हा काढली आहे. पट्ट्या बादलीत भिजताहेत. सकाळी एक ओळ चुकली, ती त्यांची त्यांनीच उसवली.

वृद्धाश्रमात जागा तुझ्या नावाने धरली आहे, तेव्हा नको म्हणून तुलाच कळवावं लागेल. मनाला पटत नसेल, तर निदान आठवडाभर थांब. त्यांना बघ, त्यांच्याशी बोल, मग आपण ठरवू. या वेळी चिठ्ठीने नको.

मी स्वयंपाकघराच्या दारात बसून लिहिते आहे. आत्ताच त्यांनी बाहेरून विचारलं, "एवढं कोणाला लिहितेस?"

"दादाला," मी म्हटलं.

त्यांचे हात थांबले. मान वर करून ते स्वयंपाकघराच्या दिशेने थोडा वेळ कान देऊन बसले. एकही भांडं वाजलं नाही, तेव्हा पुन्हा विणायला लागले.

सोमवारी जिना चढण्याआधी आमच्या दारात थांब. तिघांचा स्वयंपाक करते आहे.

तुझीच,
धाकटी