स्क्वेअर लेगचा दगा

३ एप्रिल, सकाळ
परवापासून तेरची टेनिसबॉल टूर्नामेंट. अंपायर म्हणून माझं एकोणिसावं वर्ष. शाळेत मी क्लार्क असेन, पण मैदानात माझं बोट वर गेलं की सरपंचाचा पोरगासुद्धा मुकाट्यानं तंबूत जातो.
डोळे चुरचुरतात. वाळू गेल्यागत. कारण उघड आहे, धूळ. संकल्प : मोबाईल दिवसाला अर्धा तास. कूलरसमोर तोंड करून झोपायचं नाही.

३ एप्रिल, दुपार
मोबाईल तीन तास झाला. त्यातले अडीच तास रनआउटचे व्हिडिओ होते. तो अभ्यास, तो धरायचा नसतो. कूलर चालू आहे. उन्हापुढं इलाज नाही.

५ एप्रिल
पहिली मॅच. वारं सुटलेलं. डोळ्यांतून नुसत्या धारा. पब्लिकमधून कुणीतरी ओरडलं, "अण्णा, रडू नका, अजून मॅच बाकी हाय." दुर्लक्ष केलं.
एक किरकोळ प्रसंग. किपरनं कॅच घेतला, मी नॉट आउट दिलं. बॅट्समन स्वतःच तंबूकडं निघाला होता. त्याला परत बोलावलं. आउट कोण आहे हे बॅट्समननं ठरवायचं नसतं.
पहिल्या मॅचला स्क्वेअर लेगला खाजाभाई नव्हता. एकोणीस वर्षांपासूनचा माझा जोडीदार अंपायर, पण टेलर पडला. लग्नसराईचे कपडे अडले होते. दुसऱ्या मॅचला आला. त्या मॅचमध्ये माझी एकही चूक नाही. मी एकदा सेट झालो की झालो.

६ एप्रिल
खाजाभाई म्हणाला, "अण्णा, डोळे दाखवून घ्या एकदा. लई लाल दिसायलेत." मी म्हणालो, सर्दी आहे. सर्दीच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळ-संध्याकाळ.
खाजाभाईला माझ्या डोळ्यांची एवढी काळजी का? विचार करण्यासारखं आहे.

८ एप्रिल
शिवांजलीनं धाराशिवला नेलंच. पोरगी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे घरात आता आमचं कुणी ऐकत नाही. डॉक्टरीणबाई तिच्याच वयाची वाटली. पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. पट्टी भिजली चार मिलिमीटर. दहा तरी भिजायला पाहिजे होती म्हणे. निदान : डोळे कोरडे पडलेत.
मी हसलोच. ज्याला दिवसाला दोन रुमाल लागतात त्याचे डोळे कोरडे! बाई म्हणाली, डोळा कोरडा पडला की चुरचुरतो, आणि चुरचुरला की एकदम पाणी सोडतो. ते पाणी नुसतं वाहून जातं, ओलावा धरत नाही. मग औषध : थेंब दिवसातून चार वेळा. गरम पाण्याच्या फडक्याचा शेक. बाजूनं बंद असलेला गॉगल. कूलरचा झोत तोंडावर नको. सर्दीच्या गोळ्या बंद, त्यानं आणखी कोरडं पडतं. आणि पापण्या सारख्या, पूर्ण मिटायच्या.
अंपायरला डोळे मिटायला सांगते! क्रिकेटमधलं काही कळत नाही बिचारीला.

९ एप्रिल
थेंब टाकायचा प्रयत्न. एक गालावर, एक कानात. बाटली फ्रीजवर ठेवली.
स्टँडजवळच्या मेडिकलमधून लाली घालवायचे थेंब आणले. ते कसेही पडले तरी लागू होतात. दहा मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र. आरशात बघून समाधान वाटलं. शिवांजली म्हणते, ते थेंब सारखे टाकले तर लाली जास्तच येते. तिचं हे वर्ष दुसरंच आहे.

१२ एप्रिल
लाली जास्त. थेंब वाढवले.

१५ एप्रिल
कमिटीची मीटिंग. अध्यक्ष इंद्रजित, माझाच जुना विद्यार्थी. म्हणजे मी त्याच्या दाखल्यावर सही-शिक्का केलेला. खाजाभाई उभा राहिला आणि माझ्यादेखत म्हणाला, "अण्णांचे डोळे बरे होईस्तोवर त्यांना बसवा. फायनलला दुसरं कुणी बघा."
एकोणीस वर्षं! याच्या पोराच्या लग्नात मी पंगतीला वाढलो. यानं शिवलेल्या पँटी तोकड्या झाल्या तरी मी कधी बोललो नाही. आणि हा चारचौघांत माझे डोळे काढतो.
मी म्हणालो, एक तर तो राहील नाहीतर मी. इंद्रजित खाली बघत बसला. शेवटी खाजाभाईच म्हणाला, "असू द्या. अण्णाच उभारतील. म्या न्हाय येत."
पळाला. गुन्हेगार माणूस असाच पळतो.

१६ एप्रिल
हिला सगळं सांगितलं. अपेक्षा होती की बायको तरी चिडेल. ती म्हणाली, "खाजाभाई खोटं काय बोलले?" घरातसुद्धा स्क्वेअर लेग आहेच.
शेक घ्यायला सुरुवात केली. फडकं गार झालं, पुन्हा कोण तापवणार? सोडून दिलं.

१९ एप्रिल
उद्या फायनल, तेर विरुद्ध वाशी. खाजाभाईच्या जागी कोंडीराम. आज्ञाधारक पोरगा, उलट बोलत नाही. गॉगल घालून बघितला. पब्लिकला माझे डोळे दिसणार नाहीत, जरब राहणार नाही. गॉगल नको.
आत्मविश्वास पूर्ण.

२० एप्रिल
लिहावंसं वाटत नाही.

२० एप्रिल, संध्याकाळ
लिहितो. शेवटचा बॉल. स्कोअर बरोबरीत, तेरला एक रन पाहिजे. वावटळ आली. तेरचा बॅट्समन माझ्या टोकाकडं पळत आला, थ्रो थेट स्टंपवर. मी कोंडीरामकडं बघितलं. तो मोबाईल बघत होता. अपील एवढं मोठं झालं की शंकेला जागाच नव्हती. बोट वर केलं. मॅच टाय, मग सुपर ओव्हर, वाशी जिंकली.
वाशीच्या कॅप्टननं माझा हात धरला. मला वाटलं, आभार मानतोय. म्हणाला, "काका, तो आउट नव्हता. आम्ही उगंच ओरडलो."
कट आहे सगळा. वाशीवालेसुद्धा सामील.

२१ एप्रिल
व्हिडिओ गावभर फिरतोय. काढला कुणी? शिवांजलीनं. माझी फायनल म्हणून आठवण ठेवायला काढला, म्हणाली. मैत्रिणीला पाठवला, तिनं पुढं.
अकरा वेळा बघितला. बॅट्समन दोन पावलं आत पोचलाय, मग स्टंप पडलेत. पाठीमागं मी. दोन्ही डोळ्यांवर रुमाल. मग बोट वर. बोटाला रुमाल लोंबकळतोय.
मोबाईल आज सहा तास.

२२ एप्रिल
खाजाभाईच्या दुकानात गेलो. भांडायलाच. म्हणालो, तू सोडून गेलास म्हणून हे झालं. कोंडीरामनं मला काहीच सांगितलं नाही.
मशीन थांबवून म्हणाला, "त्याला काय ठाव, तुमाला सांगावं लागतं म्हणून?"
मला कळेना. मग तो सावकाश बोलला. दोन वर्षं झाली. काठावरची अपील झाली की मी बोट वर करायच्या आधी त्याच्याकडं बघायचो. आउट असला तर तो मान हलवायचा, नसला तर बूट बघायचा. "तुमाला वाटायचं तुमी ठरवता. म्या बी बोललो न्हाय. तुमचा मान राहतोय, राहू दे म्हटलं. पण फायनलला चूक झाली तर लोक तुमच्या अंगावर येतील, म्हणून मीटिंगला बोललो."
गेल्या वर्षीच्या सेमीफायनलचा तो निकाल? ज्यामुळं गावात दोन महिने माझं नाव गाजलं होतं, तोही तुझाच?
"व्हय," म्हणाला.
चहा आला. डोळे वाहत होते. मी सांगितलं, ते कोरडेपणानं वाहतात, डॉक्टरनं सांगितलंय. तो म्हणाला, "व्हय की."
फ्रीजवरची थेंबांची बाटली खिशात होती. हिनं निघताना टाकली होती. खाजाभाईनं माझी मान मागं केली, खालची पापणी बोटानं ओढली. म्हणाला, वर बघा. सुईत दोरा ओवणाऱ्याचा हात. पहिला थेंब आत पडला. दुसराही.
म्हणाला, चार वेळा टाकायचाय ना, इथंच येत जा.
दुपारी दोन वाजता पुन्हा गेलो.